उजेडाचा पत्रा

श्रावण : काकू, खालून सरका जरा. छताच्या या कोपऱ्यातले शेवटचे कवेलू काढून राहिलो. डोक्यावर एखादं पडलं का मलेच बोल लागंल.

भागीरथा : मी बाजूलेच आहो. मागावर चादर टाकली, तिचा कोपरा धरून उभी आहो. धूळ सुतावर बसली का सारं सूत खराब.

धोंडबा : चादरीचं राहू दे वं. श्रावण, तुझा तो नवा पत्रा कुठं आहे? मले हात लावून पाहू दे.

श्रावण : तुमच्या मागंच काकाजी. भिंतीले टेकवून ठेवला.

धोंडबा : हा? हा तर टिनावानीच नागमोडी आहे. पण हलका केवढा! काच आहे का प्लॅस्टिक?

श्रावण : फायबर म्हणतात त्याले. वाडीले आम्ही गोडाउनचे शेड बांधतो ना, तिथं टिनाच्या मधी मधी असा एक ठोकतो. दिवसा बल्ब लावा लागत नाही. हमाल पोत्यावरचं नाव आरामात वाचते.

धोंडबा : पोत्यावरचं नाव दिसते, तर किनारीचा धागाही दिसंलच.

भागीरथा : दिसंल का?

धोंडबा : काहून नाही दिसणार? चुलीच्या धुरानं हे छत आतून कोळशावानी झालं. पडवीत भर दुपारी सांज. त्या अंधारानंच इतवारी बाजारातल्या कापडवाल्या शेटनं दोन लुगडे वापस केले. म्हणे, किनारीत धागे सुटले. श्रावण, माझं लुगडं वापस यायची ही पहिलीच बारी होती गा. मी दोन दिवस जेवलो नाही.

श्रावण : मंग आता पाहा कमाल. एक विचारू का? हा मागाखाली खड्डा कशाले?

धोंडबा : पाय सोडाले. खाली पावड्या आहेत. एक दाबली का अर्धे धागे वर जातात, मधून आडवं सूत घेऊन धोटा पळते. दुसरी दाबली का बाकीचे वर. डोळे वर, पाय खाली. पायाले डोळ्याची गरज नाही.

श्रावण : अजबच आहे. म्या सायकलवर रोज तुमच्या दारावरून जातो, फक्त खटखट ऐकतो. बरं काकू, पत्र्याचं तिकडचं टोक उचला. हळू. वाकला का चीर पडते त्याले.

भागीरथा : उचललं. पण उन्हाळ्यात आम्ही याखाली भाजून निघू, त्याचं काय?

श्रावण : वरून बांबूच्या तट्ट्या टाकजा. सकाळी काढाच्या, बारा वाजता टाकाच्या. थांबा, हा बोल्ट बसू द्या. रबराचं वायसर टाकलं, थेंब येणार नाही. झालं! सांगा आता.

भागीरथा : अव माय! हे काय झालं!

श्रावण : काय झालं काकू? तुटलं का काही?

भागीरथा : तुटलं नाही. घरच दुसऱ्याचं वाटून राहिलं. ही भिंत निळी आहे? मले तर ती मातकट वाटे. अवो, तुमच्या बनियनले पाठीवर केवढं भोक आहे! अन् वर पाहा, वर! श्रावणच्या बाजूले कावळा येऊन बसला. त्याच्या पायाची बोटं खालून मोजून घ्या.

धोंडबा : हो. पाहून राहिलो.

भागीरथा : किती आहेत?

धोंडबा : कावळ्याची बोटं काय मोजत बसली! चादर काढ. मले मागावर बसू दे.

भागीरथा : बसा. काढली चादर.

श्रावण : मी वरूनच पाहतो काकाजी. चालवा धोटा. … काहून थांबले?

धोंडबा : उजेड नवा आहे ना. सवय व्हाले वेळ लागंल.

भागीरथा : डोळ्यावर हात काहून धरला?

धोंडबा : सगळं पांढरं दिसून राहिलं वं. दूध सांडल्यावानी. धागा कुठं सुरू होते, कुठं संपते, काही समजत नाही. श्रावण, पत्रा उलटा तर नाही लावला?

श्रावण : त्याले उलटं-सुलटं काही नसते काकाजी.

धोंडबा : मंग अंधारात जे थोडंबहुत दिसत होतं, ते उजेडात काहून गेलं? उजेडानं माणसाले कमी दिसते, असं कुठं ऐकलं का तू?

श्रावण : ऐकलं नाही, पाहिलं. थांबा, मी खाली उतरतो. … राग नका येऊ देऊ. माझी मावशी आहे, रंभाबाई. सांजच्याले दारात बसून तांदूळ निवडे. अन् भर दुपारी आंगणात मी समोर उभा राहिलो तरी विचारे, कोण आहे गा? आम्ही हसत होतो तिले. डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू आहे. डोळ्यातली काच धुरकट झाली का उजेड सरळ आत जात नाही, तिथंच पसरते. जेवढा उजेड जास्त, तेवढं पांढरं जास्त.

धोंडबा : म्हणजे छताचा काही कसूर नव्हता.

भागीरथा : नव्हता.

धोंडबा : तुले माहीत होतं?

भागीरथा : दिवाळीपासून. तुम्ही ताटातल्या मिठाकडे हात न्यायचे अन् चटणीत बोट बुडवायचे.

धोंडबा : अन् बोलली नाही?

भागीरथा : दुपारी तुम्ही निजले का मी मागावर बसत होती. सुटलेले धागे उकलाचे, पुन्हा विणाचे. ते दोन लुगडे वापस आले ना, तवा मी पंधरा दिवस उमरेडले गेली होती, भाचीच्या बाळंतपणाले.

धोंडबा : … तुले विणणं कोणं शिकवलं?

भागीरथा : कोण शिकवणार? इतके वर्ष बाजूले बसून तुमच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरल्या. हाताले काम होतं, डोळे मोकळे होते. तुमच्या पायाकडे पाहत होती.

धोंडबा : मंग छत बदलाले हो काहून म्हटलं?

भागीरथा : तुमची एवढी आशा होती त्या पत्र्यावर. अन् खरं सांगू? मलेही वाटलं, पाहू तरी. माझंच चुकत असंल.

धोंडबा : श्रावण, तुझ्या मावशीले कोणत्या दवाखान्यात नेलं होतं?

श्रावण : सांगतो सगळं. मीच संग येईन काकाजी. पण आता हा पत्रा राहू देऊ का काढू?

धोंडबा : राहू दे. बस वं मागावर. माझ्या देखत एक बार बस.

(सव्वा महिन्यानंतर. तीच पडवी, सकाळची वेळ. धोंडबाच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी.)

श्रावण : माग थांबवू नका काकू. हवेनं एक बोल्ट ढिला झाला म्हणे, तेवढा कसून जातो. काकाजी, पट्टी कवा निघते?

धोंडबा : आठ दिवसानं चष्मा भेटते. जाड भिंगाचा. मंग दुसरा डोळा, थंडीत.

श्रावण : अन् इतवारीचा शेट?

धोंडबा : हिनं विणलेलं पहिलं लुगडं घेऊन मीच गेलो, शेजारच्या मनोहररावाचा हात धरून. शेटनं किनार इकडून पाहिली, तिकडून पाहिली. म्हणे, धोंडबा, तुमचा हात परत आला. म्या म्हटलं, हा माझा हात नाही. घरवालीचा आहे.

भागीरथा : त्याले सांगाची काय गरज होती?

धोंडबा : होती.

श्रावण : म्हणजे चष्मा आला का काकूले सुट्टी!

भागीरथा : सुट्टी कसली? ते मागावर बसले का मी आपल्या कांड्या भरीन, पहिल्यासारख्या.

धोंडबा : श्रावण, टेप आणला का गा? जाता जाता मोजून पाह्य बरं, या पत्र्याखाली मागाचा अजून एक खड्डा बसते का.