ओढ्याकाठची दहावी विहीर

दि. १९ ऑगस्ट, सकाळी अकरा.

नाव: ओळखपत्राप्रमाणे. वय: ४४. व्यवसाय: खाणीत नोकरी, जमिनीखालचे आणि ओढ्याचे पाणी खाणीत कुठून व किती येईल, याचे संगणकावर गणित मांडणे. राहणार: खाण वसाहत, तिसरी इमारत, वरचा मजला.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, खाणीची भिंत खचून आज एकोणीस दिवस झाले. इतके दिवस मी गप्प राहिले, त्याबद्दल आधी माफी मागते.

खाणीभोवती पाण्याची पातळी पाहण्यासाठी दहा विहिरी आहेत. दर सोमवारी त्या दोरीकाका मोजतात. वजन बांधलेली दोरी सोडून मोजतात, म्हणून हे नाव. माझ्या गणितात ओढ्याचा तळ चिकणमातीचा, पाणी न झिरपणारा धरला होता. नऊ विहिरी त्याच्याशी जुळल्या. ओढ्याकाठची दहावी जुळेना. ओढा चढला की तीही चढे.

मार्चमध्ये मी काकांना विचारले, मोजताना काही गडबड होते का. ते म्हणाले, "ताई, माझी दोरी खोटं बोलायला शिकली नाही. तुमचं यंत्र शिकलं असेल, तर त्याला रागवा." आम्ही दोघेही हसलो. मग म्हणाले, "ओढा खाणीकडे गळतोय. एकदा बघायला तर या." मी येते म्हणाले. गेले नाही. अहवालाची मुदत जवळ आली होती. मी दहावी विहीर वगळली आणि शेरा लिहिला, 'मोजणाऱ्याची चूक'.

३१ जुलैला ओढा दुथडी भरला. झिरपलेल्या पाण्याने भिंत खचली. खोदयंत्राच्या चालकाचा पाय गेला. काकांनी खोट्या नोंदी केल्या म्हणून धोका कळला नाही, अशी तक्रार खाणीने दिली. पुरावा म्हणून माझा तो शेरा जोडला. काका तीन दिवस इथल्या कोठडीत आहेत.

काल त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. "हे म्हणतात, ताईंना विचार, त्यांना माहीत आहे," एवढेच बोलल्या.

मला माहीत आहे. काकांच्या नोंदी बरोबर आहेत. गणित चुकले, आणि ते माझे आहे.

हवालदारांनी 'नजरचुकीने वगळली' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. मी पाहून वगळली. बाकीचे त्यांनी मोठ्याने वाचले, मी ऐकले. बोलले तसेच उतरले आहे.

उद्या: काकांची विहिरींच्या नोंदींची मूळ वही मी आणून जमा करणे.