दोन आया एका बाकावर

लढाईच्या दिवसांतली, कोळशावर चालणारी मोटार. आसेगावच्या कुणब्याचा शालिग्राम तांड्यावरच्या हिरीला घेऊन वाशीमला लग्न करायला निघाला होता. मंगरूळपीरला दोघं चढले आणि मागे सरकीच्या पोत्यांआड बसले. तेवढ्यात पुढच्या बाकावर त्याची आई तुळसाबाई येऊन टेकली. तिच्या शेजारी हिरीची आई गोमतीबाई. दोघींची ओळख नव्हती.

"कुठी चालल्या, बाई?"

"पोरगी पळाली. कुण्या कुणब्याच्या पोरासंगं."

"माहा पोरगा पळाला. तांड्यावरच्या पोरीसंगं."

तुळसाबाई बाकावरच तिच्याकडं वळली.

"म्हंजे तुमच्याच हिरीनं नादी लावलं त्याले."

"त्याले वखर धरता येत नाही म्हणते. अशाले नादी लावून तिले काय भेटते?"

"वखर नाही येत, हे खरं हाय. तिले सैपाक येते का?"

"भाकर जाळते."

"मंग उपाशी मरतीन दोघंबी."

शालिग्राम चिडून उठू लागला. हिरीनं त्याचं तोंड दाबलं आणि स्वतःच फिस्सकन हसली.

"घरात घेसान तिले?" गोमतीबाईनं विचारलं.

"जातवाले वाळीत टाकतीन."

"आमच्या तांड्याचा नाईकबी पंचायत बसवीन."

"एकच पोरगा हाय मले."

"मलेबी ते एकच पोरगी."

वाशीमचा थांबा दिसू लागला. तुळसाबाई मागे न बघता म्हणाली,

"शाल्या, खाली तुहा मामा तुमाले अडवाले काठी घेऊन उभा हाय. मी त्याले भांडणात गुतवतो. तुमी मांगून उतरा."

"मी त्याची काठी धरून ठेवतो," गोमतीबाई म्हणाली.