सिंहासनाखालची माणसं

सभेचे अध्यक्ष पद्माकरजी, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या सत्कारमूर्ती सुलेखाताई, आणि रविवारची सुट्टी मोडून बुकित तिमाह, जुरोंगहून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना सप्रेम जय भीम आणि नमस्कार.

ताईंच्या कामाचं मोल सांगायला मी अपुरी आहे. मी साधी इंजिनिअर. त्यांनी माझ्या बाबांसाठी काय केलं, तेवढंच सांगते.

आई गेल्यावर, २००५ साली, मी बाबांना गावाहून इथे परदेशात, बेडोकच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. रावसाहेब मास्तर, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेले. इथे मात्र पेन्सिलीला हात लावेनात. काहीही विचारा, नुसती मान हलवायचे. ताई संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करतात, हे आपण जाणताच. एक दिवस घरी येऊन त्या म्हणाल्या, "सर, एका चित्रापाशी अडलेय. तुमचे डोळे हवेत."

चित्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. डच कारागिरानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. मधोमध सिंहासनावर राणी. राणी म्हणजे कोणी बाई नव्हे हं, एका व्यापारी शहराच्या सत्तेचं ते रूप. पायाशी सिंह, म्हणजे तिचं बळ. मागे जहाजं. आणि तळाशी, गुडघे टेकून मसाले नि मोती वर धरणारी दूरदेशीची माणसं. नेमका तोच भाग कसरीनं खाल्लेला. वरिष्ठ म्हणाले, "प्रदर्शन तोंडावर आलंय. खालचं चौकटीत झाकून टाका. राणी दिसतेय ना, पुरे."

संग्रहालयात जाऊन बाबा ते भिंगातून तासभर पाहत राहिले. मग कित्येक आठवड्यांनी सलग बोलले, ताईंशी. "पोरी, राणीचा चेहरा सरधोपट आहे. कारागिरानं जीव ओतलाय तो खाली गुडघे टेकलेल्या या म्हाताऱ्यात. मान लवलीय, पण नजर बघ, सरळ तिच्यावर रोखलीय."

ताईंनी वरिष्ठांना सांगितलं, "ही माणसं झाकायची असतील, तर ते माझ्या हातून होणार नाही." ताईंचा नोकरीचा करार संपत आला होता. तो वाढवणं त्याच साहेबांच्या हाती! आपण बोललो असतो का? मी तरी नसते बोलले.

साहेबांनी नाइलाजानं मुदत दिली, आणि सहा आठवडे त्या एकेका भोकाला पातळ कागद लावत होत्या. बाबा शेजारी बसून तुटलेल्या रेघा कशा गेल्या असतील ते वहीत काढून दाखवायचे. त्यांच्या हातात पेन्सिल पाहिली, आणि मी बाहेर जाऊन रडले.

चित्र अखंड लागलं. बाबा त्यासमोर उभे राहून मराठीत सांगत, आणि माझी लेक श्रिया मैत्रिणींना इथल्या मोडक्या इंग्रजीत सांगे, "आजोबा से, दीज पीपल नॉट स्मॉल, ओन्ली नीलिंग, लाह!" हसू नका. मला याहून चांगलं जमलं नसतं.

करार वाढला नाही. म्हणून आजचा हा निरोप. मी विचारलं, "ताई, वाईट वाटतं?"

"वाटतं ना गं," त्या म्हणाल्या. "पण झाकलं असतं, तर सरांना तोंड कसं दाखवलं असतं?"

मंडळानं मला बोलू दिलं, ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर घरचीच मुलगी समजून सांभाळून घ्या. आणि ताई, नागपूरला पोचलात की लगेच फोन करा. बाबा जेवायचे थांबतील.