बोट बंदरातच आहे

तांडेलाची बायको सकाळपासून मासेमारी परवाना कचेरीत बसली होती. नवरा चालवत असलेली बोट तीन दिवस परतली नव्हती, आणि खिडकीतला कारकून संगणकाच्या पडद्याकडे बघून म्हणायचा, "बंदरातच आहे." दुपारी मागच्या बाकावर बोटीचा मालक आणि त्याचा मेहुणा येऊन टेकले. तोंड दिसू नये म्हणून तिने पदर पुढे ओढला.

"दाजी, बोटीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र कुठंय?"

"माझ्या गच्चीवर, बंदरालगत. दरवर्षीसारखं."

"म्हणजे बोट बंदीच्या पट्ट्यात, आणि सरकारला दिसतेय बंदरात?"

"हळू बोल. भिंतीलाही कान असतात."

"अहो, तीन दिवस फोन नाही! शोधायला तरी सांगा."

"कुठे शोधा म्हणून सांगू? बंदीच्या पट्ट्यात? परवाना जाईल, वर मी आत जाईन."

"पाच माणसं आहेत तिच्यावर!"

"कागदावर जबाबदारी तांडेलाची. सही त्याचीच आहे."

"आणि तो परत आलाच नाही तर?"

"मग विचारणार कुणाला?"

ती उठली. खिडकीपाशी गेली.

"बाई, किती वेळा सांगू? बोट बंदरातच आहे."

"नाही साहेब. ह्या मालकांच्या गच्चीवर आहे."