ओटीतलं बी

आजच्या सभेचे अध्यक्ष सुंदरराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे पंचाक्षरी सर, त्यांच्या मातोश्री शांतादेवी काकू आणि जमलेल्या सर्वांना माझा नमस्कार.

"मधमाशीला बांध दिसत न्हाई." वीसेक वर्षांपूर्वी कृषी कॉलेजच्या रानात सर असं म्हणाले, तेव्हा आम्ही विद्यार्थी हसलो होतो. आज मी त्यांच्याच विभागात शिकवते. हसू येत नाही.

युसूफ वडगावला सरांच्या घरामागे देवकापसाचं जुनं झाड होतं. महादेवाच्या वाती त्याच्याच. लेक सासरी निघाली की त्याचं बी तिच्या ओटीत घालायचं, तिनं ते सासरच्या परसात लावायचं, ही तिथली रीत.

मग चहूकडे बोंडअळीला मारणारा बीटी कापूस आला. झाडाखाली उगवलेल्या नव्या रोपांच्या बोंडांना अळी लागेना. देव पावला म्हणून काकूंनी ओटीसाठी नेमकं त्याच रोपांचं बी राखलं. सरांनी पानं तपासली. मधमाश्यांनी शेजारच्या रानातून आणलेल्या परागांमुळे त्यांत बीटीचा गुण उतरला होता. ते रोपं उपटू लागले, तेव्हा काकू रडल्या. "देवाचं झाड उपटतूस कावून रे? अळी लागली न्हाई, ह्यो त्याचा गुन्हा?"

सरांनी रोपं उपटलीच, पण तोवर काही बी ओट्यांतून गेलं होतं.

जुनं झाड त्याच उन्हाळ्यात वाळलं. ओटीतून गेलेली भेसळीची झाडं काढायला आणि एखादं जुनं निर्भेळ झाड शोधायला सर लेकींच्या सासरी गावोगाव फिरले. त्यांच्या स्वतःच्या शिवानीच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, दारातच म्हणाल्या, "ओटीतलं झाड उपटू? मग लेकबी घेऊन जा की, इवाई!"

हसलात? सरही हसले होते, आणि हात जोडून परतले. त्या परसातलं बी आता पुढच्या लेकींच्या ओटीत गेलं असेल. उद्या नवा रोग आला, तर ज्या जुन्या वाणाकडे आपण धावायचं, ते कुठं शोधणार?

सरांना निर्भेळ झाड एकच सापडलं. उमापूरला, काकूंच्या मैत्रिणीच्या, छबुबाईंच्या परसात. आसपास सगळी तूर-बाजरी. फक्त त्या परसाला लागून, अध्यक्षसाहेब, तुमचं रान आहे, आणि यंदा तिथं बीटीचा बीजोत्पादन प्लॉट ठरलाय.

आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. निरोपाच्या दिवशी भलतंच बोलले असेन, तर पदरात घ्या. शाल झाली, श्रीफळ झालं. साहेब, बियाण्याच्या पिशव्या तुमच्या गाडीत मी येतानाच पाहिल्या, त्यामुळे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तरी मागते. तेवढ्या रानात यंदा बाजरी पेरा.