अर्ध्या तिकिटाची मुदत

मी पार्बता, जातीनं ढीवरीण, आमच्या मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीवर जन्मली. खरोखर पाळीवर, बाई. माय मच्छीचं टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराले निघाली होती, मधातच मी आली, तं तिनं मले टोपल्यात टाकलं, बाजार पुरा केला आन् मगच घरी आणलं. एका गिऱ्हाइकानं माहा भाव विचारला म्हणते. त्या वर्षी तलावाले एवढं पाणी का वाघ पोहता पोहता थकला, माह्या बापाच्या डोंग्यात येऊन बसला, बिडी मागून ओढली आन् पलीकडच्या जंगलात उतरून गेला. हसून राह्यल्या न तुम्ही? हसा. आठवडी बाजारात लोक माह्यापासून मच्छी कमी आन् गप्पा जास्त घेऊन जातात. पण आता जे सांगते त्यात मी मीठसुद्धा टाकलं नाई, म्हून ते लिवताना हसू नका.

आमच्या मोहल्ल्यात जाळं विणणं शिकवणारा एकच, बकाराम काका, माह्या बापाचा चुलतभाऊ. त्याची गाठ अशी का हत्ती ओढून थकीन. दुपारी मोठी माणसं तलावावर नाई तं धानाच्या बांधीत, आन् पोट्टे-पोट्टी काकाच्या सपरीत, घरापुढच्या छपराखाली, दोरा घेऊन बसलेले. मी नऊ वर्साची. गाठ शिकवता शिकवता काकाचे हात दोऱ्यावर नाई राह्यले. एवढंच. याच्यापुढचं तुमच्या कागदाले नाई सांगत. एक पुरा उन्हाळा ते चाललं, मग मी मायले सांगितलं, मायनं बापाले, आन् बाप उठून गेला जातीच्या पंचाकडं. आमच्यात तसंच होय. पोलिसात गेला तो जातीबाहेर.

पंच बसले. निकाल काय, तं बकारामनं मोहल्ल्याले भात-मच्छीचं जेवण द्यावं, आन् त्या पंगतीत जो जेवला त्याच्यासाठी गोष्ट मिटली, पुन्हा काढाची नाई, काढली तं काढणाऱ्यानंच दंडाचं जेवण द्यावं. पुरा मोहल्ला जेवला. माय जेवली, बाप जेवला. मले सगळ्याइच्या पुढं बसवलं, आन् वाढायले कोण, तं तोच. मरळीचा मधला तुकडा माह्या पानात टाकला. माय म्हणे खा वो. मी खाल्ला. भूक होती, बाई, काय सांगू तुम्हाले. नऊ वर्साच्या पोटाले का कळते का आपण जेवून नाई राह्यलो, अंगठा देऊन राह्यलो म्हून?

मग लगन झालं. नवरा माजरीकडं खदानीच्या कामाले गेला तो तिकडचाच झाला, आन् मी टोपलं घेऊन मायच्या गावाले परत आली. माय-बाप तवर गेले होते. काका मात्र होता. लगनात त्याले खुर्ची, तेरवीत त्याले पहिलं पान. मी त्याच्या घरावरून जाताना मोठ्यानं मच्छीची हाळी द्याची, एवढी मोठी का झाडावरचे माकडं खाली पडाचे. तेवढंच माहं भांडण.

असंच चाललं असतं. पण माह्या भावाची, सुदामची, पोट्टी छबी आठची झाली, आन् एक दिवस सुदाम म्हणे, सोमवारपासून इले काकाच्या सपरीत बसवतो, हाताले काम लागीन. मी म्हणली सुदाम, तुले मालूम आहे. तो म्हणे ते तं जेवून मिटलं न, तू बी जेवली, आन् काका आता म्हातारा झाला, माळ ओढत बसते. मी म्हणली माळ ओढते ते बोटं तेच आहेत. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या ठाण्यात गेली. तिथचा जमादार माहा गिऱ्हाईक. मी सांगाले लागली तं तो हसाले लागला, म्हणे पार्बताबाई, हे बी त्या बिडीवाल्या वाघासारखंच का? जन्मात पहिल्यांदा मी होतं त्याहून कमी सांगितलं, आन् तेबी त्याले जास्तच वाटलं. शेवटी म्हणे वकिलाले विचार.

कोर्टापुढं कडूलिंबाखाली एक तरणी वकीलबाई टेबल टाकून बसे. चांगली होती. तिनं सगळं ऐकलं, पुस्तक उघडलं. म्हणे मोठा गुन्हा असता तं मुदत नसती, पण नुसता हात लावला याले कायद्यात शिक्षा कमी, आन् शिक्षा कमी म्हून मुदतबी कमी. तीन वर्षाच्या आत कोर्टात यावं लागत होतं. मी म्हणली तीन वर्षं कवापासून? म्हणे घडलं तवापासून. मी मनात जोडलं, आन् म्हणली, बाई, माही मुदत सरली तवा मी एसटीत अर्ध्या तिकिटावर बसत होती. कंडक्टर मले पुरं माणूस धरत नव्हता, आन् कायदा म्हणे ये, एकटी ये आन् तक्रार कर?

तिनं पुस्तकाचं दुसरं पान काढलं. मग म्हणे उशीर माफ करा असा अर्ज टाकता येते, पण कारण पटवावं लागते, साक्षीदार लागतात. साक्षीदार तं पुरा मोहल्ला, पण मोहल्ला जेवलेला. आन् अर्जाले वर्षं जातील म्हणे. छबीचा सोमवार चार दिवसांवर. मी म्हणली मग बाजारात उभी राहून नाव घेऊन बोंबलते. ती म्हणे तसं करू नका, तो तुमच्यावर अब्रूचा दावा लावीन, आन् त्याची मुदत तुम्ही बोलल्या त्या दिवसापासून मोजतील.

पाहा. त्याच्या अब्रूचं घड्याळ आज सुरू होते. माहं कवाचंच बंद पडलं.

रविवारच्या बाजारात मी टोपल्यापुढं उभी राह्यली आन् गोष्ट लावली. म्हणली, आपल्या तलावाच्या बुडाशी एक म्हातारं कासव आहे, बैलगाडीएवढं, गळ्यात माळ, दुपारी मच्छीच्या पिलाइले जवळ बोलावते आन् म्हणते या, तुम्हाले पोहणं शिकवतो. मोहल्ल्यातल्या बाया हसाले लागल्या. मग मी हळूच म्हणली, आता मच्छीच्या पिलाले पोहणं शिकवा लागते का वो? हसणं थांबलं. एकीनं आपल्या पोट्टीचा हात धरला, मग दुसरीनं. कासवाच्या अब्रूचा दावा कोण लावते?

सोमवारी सपरी रिकामी होती. मंगळवारीबी. कोणाच्या तोंडून माफी नाई, फक्त पोट्ट्या नाई आल्या.

पंचाइले समजलंच. म्हणे जेवलेली गोष्ट काढली, पार्बतानं दंडाचं जेवण द्यावं. मी म्हणली माहं पोट एकदाच विकलं, आता चूल नाई विकत. म्हून आता माह्या घरी मोहल्ल्यातलं कोणी पाणी पीत नाई. सुदाम तोंड फिरवून जाते. काकाले अजूनबी लगनात खुर्ची आहे, आन् बाया मलेच म्हणतात, आता म्हाताऱ्याले एकटं पाडलंस.

छबी मात्र दुपारी मागच्या दारानं येते, मी तिले गाठ शिकवते, हातभर अंतरानं, तिचा दोरा तिच्या हातात, माहा माह्या. देव करो आन् तिले काही सांगाची पाळीच न येवो. आलीच, तं तिनं त्याच सांजेले यावं. मी जेवत असली तं उष्ट्या हातानं उठीन.