पट्टी उद्या सुटते

वर्ध्याच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या वार्डाबाहेरच्या नळावर माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. घागर एकीचीही भरत नव्हती.

“काऊन वं मीराबाई, घागर भराची सोडून अशी काऊन उभी राह्यली? उद्या तर तुया मालकाच्या डोळ्यावरची पट्टी सुटते.”

“म्हणूनच भेव लागून राह्यलं, भागीरथाबाई. पट्टी बांधल्यापासून मी त्यायले कादंबरी वाचून दाखवली न.”

“साऱ्या वार्डानं ऐकली. नवऱ्याले न विचारता शाळेत नोकरी मागाले जाते, तेच बाई न?”

“ते पुस्तकात नाई.”

“अन् तिचं पोटातलं लेकरू गेलं, नवऱ्यानं डाक्टर आणला नाई, ते?”

“तेही नाई. पुस्तकातली बाई साठाव्या पानावर घर सोडून चालली गेली. ते त्यायच्यापुढं वाचाची माई हिंमत झाली नाई. मंग नुसती पानं पलटवत राह्यली अन् मनानंच सांगत गेली.”

“मनानं? म्हंजे ते लेकरू...”

“हळू बोला न! त्यायची खाट खिडकीपाशीच हाये.”

“मालक काई बोलले?”

“आज सकाळी लेकराचं ऐकलं. मंग हात पुढं केला, पुस्तक घेतलं अन् उशीखाली ठेवलं. म्हणाले, उद्यापासून मीच वाचीन.”